दाजी फोटोत येतात

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सांबरा गावातल्या सासुरवाडीच्या भिंतीवर नागेंद्रचा एकही फोटो नव्हता. डोहाळजेवणापासून बारशापर्यंत सगळी मंडळी तिथं दात काढून उभी होती. मेहुण्याची म्हैससुद्धा होती. नागेंद्र तेवढा नव्हता, कारण ते सगळे फोटो त्यानंच काढलेले. (म्हशीचा तर दोनदा. पहिल्यांदा तिनं मान फिरवली.)

यंदाच्या भाऊबीजेला त्यानं ठरवलं, बास झालं! फोटो आपणच काढायचा आणि आपणही त्यात यायचं. त्यासाठी बेळगावातनं नवा कॅमेरा घेतला, तीन पायांचा स्टँड घेतला, महिनाभर व्हिडिओ बघितले. अंधारात फ्लॅश मारला की माणसं पोलिसांनी धरल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे पणत्यांच्या उजेडात फोटो कसा झळाळून निघतो! हे ज्ञान त्याच्या बायकोला, तेजस्वीला, झोपेतही ऐकावं लागलं.

दिवेलागणीला अंगणभर पणत्या लागल्या. ओवाळणं झालं. सासूबाईंनी, म्हणजे मालुबाईंनी, जावयाला टॉवेल-टोपीचा आहेर केला. शर्ट तर तो मुद्दाम पांढराच घालून आला होता, अंधारात उठून दिसावा म्हणून. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल अशा थाटात तो स्टँडमागं वाकला. सासरे मष्णूआप्पा मधोमध खुर्चीत, भोवती सगळं घर.

"बल्बवर ठेवावं काय..." तो पुटपुटला. बोट दाबून धराल तोवर शटर उघडं, अशा सेटिंगला कॅमेऱ्यात बल्ब म्हणतात. हे मालुबाईंना कोण सांगणार? त्या लगबगीनं उठल्या आणि सोप्यातला झगझगीत बल्ब लावून आल्या.

"अहो मामी, नको! बंद करा!"

"तुमीच म्हटलासा की बल्ब!"

"तो न्हवं, कॅमेऱ्यातला!"

"कॅमेऱ्यातच बल्ब हाय, तर मग ह्या पणत्या कशापायी?"

अखेर बल्ब विझला. त्यानं आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, उतरवलं, पळायला टायमरचे दहा सेकंद आणि फोटोला उघड्या शटरचे दहा सेकंद दिले, "कुणी हलायचं न्हाय!" असं बजावून बटण दाबलं आणि पळत सुटला. पळतोय तर वाटेत रांगोळी.

"पावनं, रांगोळी मोडंल!" मालुबाई ओठ न हलवता ओरडल्या. (हे त्यांना कसं जमलं, त्यांनाच ठाऊक.)

नागेंद्रनं अख्ख्या अंगणाला वळसा घातला, तुळशीकट्ट्यावर गुडघा आपटून घेतला आणि आप्पांच्या मागं जाऊन कमरेत वाकून धापा टाकत उभा राहिला. शटर एव्हाना कधीच उघडलं होतं, निम्मा वेळ त्याच्याशिवायच गेला होता. जरा वेळानं खट्ट झालं आणि सगळं घर कॅमेऱ्यावर तुटून पडलं.

फोटो झकास आला होता. आप्पांच्या मिशीचा केस न केस मोजून घ्यावा. आणि आप्पांच्या मागं एक धूसर माणूस, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, कमरेत वाकलेला. तोंड ओळखू येत नव्हतं. मागची भिंत मात्र त्याच्यातनं आरपार दिसत होती.

"बाबा!" मष्णूआप्पांनी त्या माणसावर बोट ठेवलं. "आगं, माजं बाबा आल्यात!"

आप्पांचे वडील जोतिबा, जाऊन किती वर्षं झाली. त्यांचा एकसुद्धा फोटो घरात नव्हता, आणि आप्पांना त्याची कायम रुखरुख.

"अगदी असंच वाकून हुबं ऱ्हायचं बघ!" म्हातारा रडता रडता हसायला लागला.

"आप्पा, ते मी..." नागेंद्रनं तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे दाजी," मेहुणा युवराज समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमी पोचला न्हाईसा वेळेत."

तेजस्वीनं एकदा नवऱ्याच्या टोपीकडं बघितलं, एकदा फोटोकडं, आणि पदर तोंडात कोंबला. मग तिनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य जागीच विरलं. तशी चिमट्याची गरज नव्हतीच. आप्पांना एवढं खुशीत त्यानं कधी बघितलं नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही भरून आलं होतं.

फोटो मोठा करून भिंतीवर लागला. त्या धूसर माणसाला हार घातला, कुंकू लावलं, आणि सगळ्यांनी ओळीनं पाया पडायला सुरुवात केली. नागेंद्रची पाळी आली तेव्हा त्यानंही मुकाट डोकं टेकवलं.

"लई झ्याक फोटो काढलासा पावनं," मालुबाई मागनं हळहळल्या. "घरातली सगळी हाईत. खरं तुमीच तेवढं न्हाईसा बघा ह्यात. पुढल्या खेपंला जरा बिगी बिगी पळा!"