सुनेला झटका देणारा देव्हारा

साहेब, सोनबाच्या सुनेला घराबाहेर काढायची पाळी तुमच्या वीज खात्यानं आणली. देवानं नाही.

भिगवणजवळच्या त्या घरात सोनबानं भिंतीत बोटाएवढा खिळा ठोकून पत्र्याचा देव्हारा टांगला. त्या दिवसापासून देव्हारा गुणगुणू लागला. देवांचे धातूचे टाक आपोआप थरथरत. शेळ्या त्या भिंतीला टेकेनात. सासू म्हाळसाबाई लाकडी पाटावर उभी राहून भंडारा वाहायची, तिला काही होत नसे. सून सुकन्या न्हाऊन, ओल्या पायांनी जमिनीवर उभी राहायची. हात लावला की खांद्यापर्यंत सणका. एकदा तर ती चुलीपर्यंत फेकली गेली.

"बिरोबाला ही चालत न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "म्हयन्याच्या शेवटल्या रविवारी हिला मोरगावला माह्यारी पोचवा."

"अगं, मग भाकरी कोण थापंल?"

"देव मोठा का भाकरी?"

सोनबाला उत्तर ठाऊक होतं, म्हणून तो शेळ्या सोडायला गेला.

सुकन्या मात्र बघत होती. "आत्या, लाईट गेली की देव मला शिवू देतो."

"म्हंजे देवाला अंधारात दिसत न्हाय व्हय गं?"

वायरिंग सरकारी योजनेतलं. तुमच्या ठेकेदारानं नळी न घालता वायर गिलाव्यात पुरली, कुठून नेली ते कुणाला सांगितलं नाही. खिळा वायरीत घुसला असणार, हे सुकन्यानं ओळखलं. एसटीनं इंदापूरला जाऊन तिनं तुमच्या कचेरीत अर्ज दिला.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, लाईनमन नागेश आला. म्हाळसाबाईनं त्याला चपला काढायला, पाय धुवायला लावलं. टेस्टर पिशवीतच राहिला. पठ्ठ्यानं आधी देवाला हात लावला आणि मटकन खाली बसला. उठला तो नारळ मागत.

"भाऊ, खिळा बघा की!"

"वैनी, मी पोराबाळांचा धनी हाय."

नारळ फोडून त्यानं अर्जावर लिहिलं, 'दैवी प्रकार. खात्याचा संबंध नाही.'

म्हाळसाबाई विरघळली. "देवाला सरकारबी चालत न्हाय, मग पोरीचा काय दोष?" मोरगाव रद्द झालं.

पण बातमी भिगवणच्या बाजारात पोचली. रविवारी सकाळी अंगणात रांग लागली. जो तो रिवाजाप्रमाणं पाय धुऊन उभा. पहिली बाई कडेवर लेकरू घेऊन उंबऱ्याच्या आत आली. लेकरानं टाकाकडं हात लांबवला.

सुकन्या मीटरकडं धावली. फ्यूज उपसला. गुणगुण थांबली. लेकरानं टाक धरला, हसलं.

"देव गेला!" रांग ओरडली.

"काय केलंस गं भवाने?"

"मला खुशाल मोरगावला धाडा, आत्या. पर लाईट मिळायची न्हाय."

साहेब, सुकन्या फ्यूज मुठीत धरून उंबऱ्यावर बसलीय आणि आत सासू तिचं गाठोडं बांधतीय. तुमचा माणूस नारळ फोडून गेला, आता तुम्ही तोंड उघडा. त्या भिंतीत वायर कुठून कुठं नेलीय?