बाबांचा फ्लॉवर

दुकान कायमचं बंद करून घड्याळजी घरी बसले आणि माईंच्या स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा माईंना आधी बरंच वाटलं. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत डोकं घातलेला नवरा निदान भाजी तरी चिरून देईल, एवढीच त्यांची अपेक्षा. पण या गृहस्थांनी फ्लॉवरचंही घड्याळ केलं. प्रत्येक तुरा सारख्या मापाचा कापायचा, फडक्याने टिपून कोरडा करायचा, तेल-मीठ चोळायचं आणि तापलेल्या खोलगट लोखंडी तव्यावर चिमट्याने एकेक मांडायचा. वर माईंनाच ताकीद, "हात लावू नकोस. खालून खरपूस होऊ दे."

फ्लॉवर फर्मास झाला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

जावई बोटं चाटत राहिले. लेक म्हणाली, "आई, तू का गं असा करत नाहीस कधी?" माईंनी संसारभर कोबी, गाजर, भोपळा, वांगी, सगळं रांधलं होतं. त्याला कधी कोणी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. भाज्या ताटात आपोआप उगवतात असाच घरचा समज होता. आणि आता लेक फोनवर आईची खुशाली विचारायच्या आधी विचारायची, "बाबांचा फ्लॉवर आहे का आज?" ऐकून माईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांना हेवा वाटत होता, आणि तोही स्वतःच्या नवऱ्याचा, त्यामुळे कुणापाशी बोलायचीही सोय नव्हती.

त्यात लेकीच्या सासूबाईंचं जेवायला यायचं ठरलं. "त्यांना बाबांचा फ्लॉवर खायचाय," लेक म्हणाली. "तू काही करू नकोस गं आई. ब्रेड आणून ठेव, झालं."

ब्रेड! विहीणबाईंपुढे माईंनी ब्रेड कापायचा!

त्या दिवशी तुरे तव्यावर मांडून झाले, तशा माई अगदी मायेने म्हणाल्या, "अहो, पाहुणे येतील एवढ्यात. अंघोळ उरकून घ्या. मी लक्ष ठेवते."

"हलवू नकोस हं."

"छे! मी कशाला हलवू?"

माईंनी शब्द पाळला. हलवलं नाही. फक्त पेलाभर पाणी ओतलं, वर झाकण ठेवलं आणि आच अगदी बारीक केली. न्हाणीघरातलं पाणी थांबेपर्यंत फ्लॉवरचा लगदा झाला होता. माईंनी झाकण उचलून फळीवर ठेवलं आणि साळसूदपणे ब्रेड कापायला घेतला.

घड्याळजींनी तव्यात पाहिलं. मग वाकून आचेकडे पाहिलं.

"माझंच काहीतरी चुकलं," ते शेवटी म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. माईंना आनंद झाला, पण तो दाराची घंटा वाजेपर्यंतच टिकला. कारण घंटेसरशी त्यांच्या लख्ख ध्यानात आलं: भाजी साधली तर बाबांची, पण बिघडली तर घरातल्या बाईची. विहीणबाई नावं ठेवणार त्या माईंनाच.

"उठा! बाहेर जाऊन बोलत बसा त्यांच्याशी!" माईंनी पदर खोचला. लसूण ठेचून पातेल्यात लोण्यावर परतला, लगदा त्यात घोटला, दूध ओतलं, मिरपूड टाकली. ब्रेडचे तुकडे त्याच तव्यावर कुरकुरीत करून वरून पेरले. इतक्या जिद्दीने त्यांनी आजवर काही रांधलं नव्हतं.

विहीणबाईंनी सूपचा पहिला घोट घेतला आणि डोळेच मिटले. "काय हात आहे हो तुमचा!" त्या घड्याळजींना म्हणाल्या.

"मी नाही केलं," घड्याळजी म्हणाले. "हिनं केलंय."

"बघा!" विहीणबाई गहिवरल्या. "स्वतः राबायचं आणि नाव बायकोचं पुढे करायचं! असा नवरा मिळायला नशीब लागतं हो माई."

"अहो, खरंच हिनं केलंय."

"बाबा, पुरे आता," लेक कौतुकाने म्हणाली. "आईला कधी सूप करताना पाहिलंय का कोणी?"

माईंनी ब्रेडचा तुकडा कडाकडा चावला.

"बरं, कृती तरी सांगा," विहीणबाई म्हणाल्या.

"मला येत नाही. हिलाच विचारा."

सगळे माईंकडे पाहू लागले. गप्प बसावं तर सूप नवऱ्याच्या नावावर जाणार. बोलावं तर पितळ उघडं पडणार. जे व्हायचं ते होवो, पण हे सूप त्या कुणाला देणार नव्हत्या.

"आधी," त्या म्हणाल्या, "नवऱ्याला अंघोळीला पाठवायचं."

घड्याळजींचा चमचा थांबला.

"मग पेलाभर पाणी ओतून झाकण ठेवायचं."

"आणि आच अगदी बारीक करायची," घड्याळजी शांतपणे म्हणाले. "हो ना गं?"

माई कानापर्यंत लाल झाल्या.

"बघा, बघा!" विहीणबाईंनी टाळी वाजवली. "कृती त्यांनाच पाठ आहे!"