आदेशने गिअरचं तेल बदललं

गाडीचं गिअरचं तेल आपणच घरी बदलायचं, हे आदेशने शुक्रवारी जेवताना ठरवलं. (निदान तोंडातला घास गिळेपर्यंत तरी विचार करायला हवा होता, असं त्याच्या बायकोचं, रोहिणीचं, नंतर मत पडलं.)

कारण तसं साधं होतं. रोह्यात त्यांच्या दारात सात सीटची गाडी होती, सेकंडहँड पण ऑटोमॅटिक. हल्ली ती गिअर बदलताना असा हिसका द्यायची की मागे बसलेल्या बायजाबाईंचा, म्हणजे आदेशच्या आईचा, चष्मा पुढच्या सीटवर येऊन पडायचा. रविवारी हमरापूरला रोहिणीच्या धाकट्या बहिणीचा, अपेक्षाचा साखरपुडा. नवरीच्या साडीवरचा ब्लाउज रोह्यात शिवायला टाकलेला, त्यामुळे साडीही इथेच. शिवाय मुलाकडची वडीलधारी मंडळी पेणला रामवाडीत उतरणार, त्यांना हमरापूरच्या मांडवात आणायचं काम सासऱ्यांनी, हैबतरावांनी, जावयावर सोपवलेलं. आणि गॅरेजवाला म्हणाला, सोमवारी आणा.

"सोमवारी आणून काय करू?" आदेश म्हणाला. "तेलच तर बदलायचं. धाटावला कंपनीत मी एवढे पंप सांभाळतो, एवढे व्हॉल्व्ह सांभाळतो. ही तर घरची गाडी हाय."

"कंपनीत तुमच्या मागं मेंटेनन्सवाले असतात," रोहिणी म्हणाली.

"इथं तू हायस की."

रोहिणीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. बोलणं संपवायची तिची ती पद्धत होती.

शनिवारी सुट्टी होती. आदेशने गाडीच्या पुस्तकात बघून बरोबर तेच तेल आणलं, गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं आणि खाली सागाचे ओंडके लावले. मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ तो आधीच बघून बसला होता. सुरुवातीचा भाग त्याने सोडला. (सुरुवातीला माणूस रामरामच करतो, हे त्याचं अनेक वर्षांचं निरीक्षण.) मग अंगणात आडवा होऊन त्याने तेल सोडायचा खालचा बोल्ट सोडवला, आणि तेल आलं. टबात आलं तसं मनगटावरून कोपरापर्यंत आलं, बनियनमध्येही शिरलं. पण आदेश खूश होता.

"बघा, केवढी घाण होती," तो टब दाखवत सगळ्यांना म्हणाला. शेजारच्या शकूवहिनी कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "काकवी काय वो?"

बोल्ट परत बसवून आदेश हात धुवायला गेला. येऊन नवं तेल भरायचं म्हणून वरचा बोल्ट सोडवायला घेतला, तर तो ढिम्म हलेना. पाना लावला, हातोडीने ठोकलं, फुंकर मारली. (फुंकर का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.) शेवटी त्याने रोहिणीला व्हिडिओ सुरुवातीपासून लावायला सांगितला. तिचं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं.

"काय म्हणतो तो?"

"म्हणतो, सगळ्यात आधी वरचा बोल्ट सोडवून बघा."

"आणि नाय सुटला तर?"

"तर खालच्याला हात लावू नका."

"मग पुढं?"

"पुढं गाणं लागलं."

गाडी हवेत, गिअरबॉक्स रिकामा, आणि नवरीची साडी घरात कपाटात.

"बरं, जुनं तेल नीट ठेव," आदेश उसनं अवसान आणून म्हणाला. "जेवढं निघालं तेवढंच भरायचं असतं. कमी नाय, जास्त नाय."

टब रिकामा होता. बायजाबाई मागच्या पडवीतून हातात चिंधी घेऊन आल्या. "गोठ्याच्या दाराला वाळवी लागलेली. लावून टाकलं सगळं."

"आये, ते मापाचं तेल होतं."

"मग मापूनच लावलंय. भाताच्या जुन्या मापट्यानं ओतत होते. सात मापटी झाली, नि वर चूळभर."

आदेश ओट्यावर बसला. आणि तिथे बसल्या बसल्या त्याला कंपनीतले अडकलेले व्हॉल्व्ह आठवले. पाना छोटा पडला की तिथे त्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवतात. पाइप जेवढा लांब तेवढा जोर वाढतो. परसात कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप होता. त्यावरचे ओले कपडे त्याने स्वतः उचलून शकूवहिनींच्या कुंपणावर टाकले, पाइप पान्यावर चढवला आणि चाकाच्या खोबणीतून बाहेर काढला.

"आता तिघींनी मिळून खाली दाबा. एकदम हिसका नको."

"हिसका द्यायला आम्ही काय तुझी गाडी हाव?" बायजाबाई म्हणाल्या आणि पदर खोचला. रोहिणी लागली, शकूवहिनी लागल्या. आदेश उकिडवा बसून पाना धरून राहिला. कट्ट असा आवाज झाला. बोल्ट तुटला असं वाटून त्याने डोळेच मिटले. उघडले तेव्हा बोल्ट सुटला होता.

नवं लालचुटूक तेल त्याच मापट्याने मोजून, नळी लावून आत गेलं. चूळभर किती, यावर सासूसुनेची थोडी चर्चा झाली आणि सासूचा अंदाज ग्राह्य धरला गेला. संध्याकाळी आदेश सगळ्यांना बसवून धाटावपर्यंत जाऊन आला. गाडी लोण्यासारखी चालली. बायजाबाईंचा चष्मा नाकावरच राहिला.

"चालतेय का उभी हाय, कळत नाय रे," त्या म्हणाल्या. त्या वाक्याच्या आनंदात आदेशला रात्री झोप लागली नाही.

रविवारी साडी वेळेत पोहोचली. आदेश पांढरा शर्ट घालून रामवाडीला गेला. (शर्ट पांढरा होता. रॉकेल, साबण, चिंच सगळं लावूनही हात काळेच होते.) मुलाचे मामा पुढे बसले. हमरापूर यायच्या आत ते म्हणालेच, "गाडी फार मऊ चालते हो."

"गिअरचं तेल कालच बदललं. मी स्वतः," आदेश म्हणाला. त्याला एवढंच हवं होतं.

मामांनी त्याच्या नखांकडे पाहून मान हलवली. उतरताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "लग्नात नवरदेवाची गाडी तुम्हीच चालवायची. मालकांशी मी बोलतो. आणि जेवून घ्या, ड्रायव्हर लोकांची पंगत मागं बसलीय."

आदेशने हे रोहिणीला सांगितलं. "मग तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं.

"मुलाकडचा मोठा माणूस. हो म्हणालो."

"मग जा आता तिकडंच. इकडं वाढायला उशीर हाय."

तो गेला. मागच्या पंगतीत त्याने बोल्टापासून मापट्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि ड्रायव्हर मंडळींनी हातातला घास हातातच ठेवून ऐकलं. इतकं मन लावून त्याचं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांच्यातल्या एका वयस्कर ड्रायव्हरने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी एवढं राबवून घेतात. पगार तरी बरा देतात का?"

आदेशने मांडवाकडे पाहिलं. तिथे रोहिणी मामांना आग्रह करून जिलेबी वाढत होती.

"पगार नाय," तो म्हणाला. "दोन वेळचं जेवण हाय."