व्याह्यांचं भाषण

मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी विल्फ्रीडने आपल्या इंग्रज व्याह्याच्या, क्लिफर्डच्या, कपात कॉफी ओतली आणि नेहमीच्या गंभीर चेहऱ्याने त्याला सांगितलं, की आज संध्याकाळी जर्मन प्रथेप्रमाणे शुभशकुन म्हणून दारात जुनी कपबशांसारखी भांडी फोडायची असल्यामुळे नवऱ्या मुलाच्या बापाला आधी सगळी गल्ली झाडून द्यावी लागते. नगरपालिकेचा माणूस येऊन बघतो. मग तो पाव आणायला बेकरीत निघून गेला.

विल्फ्रीडने ही गंमत केली होती. अडचण एवढीच होती, की त्याने गंमत केली हे कुणाला कळायचंच नाही. जन्मभर तो असाच बोलत आला. पहाटे चंद्र नगरपालिका बंद करते, असं त्याने मुलीला, इम्केला, लहानपणी सांगितलं होतं आणि ते तिने शाळेत जाऊन बाईंनाही सांगितलं होतं. फक्त त्याची बायको गुडरून स्वयंपाकघरात कपाटाला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आई मुळातच हसरी आहे, असं इम्केला वाटायचं. गुडरून गेली, आणि विल्फ्रीड हा एक रुक्ष, सरळ माणूस म्हणून उरला.

तो पाव घेऊन परतला, तेव्हा व्याही कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत पोचले होते. क्लिफर्डने लग्नासाठी आणलेला चांगला कोट अंगात घातला होता आणि तो खराट्याने पानं एका बाजूला लोटत होता. फाटकाशी शेजारच्या लोह्मानबाई उभ्या होत्या. गल्लीतलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारल्यावर क्लिफर्डने संध्याकाळच्या वर्गात शिकलेल्या तुटक जर्मनमध्ये प्रामाणिकपणे सांगितलं, की सरकारी माणूस यायच्या आत गल्ली स्वच्छ झाली नाही, तर पोराचं लग्न अडेल.

लोह्मानबाई हसून हसून फाटकाला लोंबकळल्या. "याला म्हणतात इंग्रजी विनोद," त्या विल्फ्रीडला म्हणाल्या. "चेहऱ्यावरची रेघ हलत नाही बघ. शिक काहीतरी."

विल्फ्रीडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने क्लिफर्डला बाजूला घेऊन कबूल केलं, की ती थट्टा होती. क्लिफर्डने त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. "माझा मान राखायला म्हणताय तुम्ही. पण मला माहीत आहे, तुम्ही लोक थट्टा करत नाही." आणि तो पलीकडच्या बाजूने झाडायला लागला.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की विल्फ्रीडकडे एक भन्नाट इंग्रज आलाय. क्लिफर्डने कुणाला सांगितलं की प्रवासात आपल्याला झोप लागली नाही, तर लोक हसले. त्याने संडास कुठे आहे विचारलं, तेव्हा एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. शेवटी लोह्मानबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं, की संध्याकाळी व्याह्यांचं भाषण होणार. त्याचं जर्मन भाषांतर विल्फ्रीडने करून सांगायचं. तरुणपणी ब्रिटिश सैन्याच्या छावणीत वीजदुरुस्तीचं काम केल्यामुळे गल्लीतल्या जुन्या मंडळींत इंग्रजी येणारा तोच एक होता.

इम्के बापावर चिडली होती. होणाऱ्या नवऱ्याच्या, जाइल्सच्या, वडिलांना खराटा देणारा माणूस म्हणजे काय, हे तिला कळेना. "बाबा, निदान संध्याकाळी तरी नीट वागा. ते बोलतील तेवढंच सांगा," ती म्हणाली.

भांडी फुटायला सुरुवात झाली आणि क्लिफर्ड दिसेना. विल्फ्रीडला तो तळघरात सापडला, बटाट्याच्या पोत्याशेजारी उलट्या बादलीवर बसलेला.

"मला विनोद येत नाही," क्लिफर्ड म्हणाला. "कधीच आला नाही. घरी सगळे हसतात तेव्हा मीही हसतो. मग गाडीत बायको समजावून सांगते. तुम्हाला कल्पना नाही, इंग्लंडात हे किती अवघड जातं."

विल्फ्रीड पोत्यावर बसला. वरून बशा फुटल्याचा आवाज येत होता.

"मी आयुष्यभर विनोद करतोय," तो हळूच म्हणाला. "एकीलाच कळायचे."

क्लिफर्ड विचारात पडला. "म्हणजे ती गल्ली..."

"हो."

"सगळी?"

"खांबापर्यंतसुद्धा झाडायची गरज नव्हती."

क्लिफर्डला हसू आलं नाही, पण त्याने विल्फ्रीडच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग विल्फ्रीड म्हणाला, की तुम्ही वर चला, मनात येईल ते बोला, बाकीचं माझ्यावर सोडा.

अंगणात सगळे काचा तुडवत गोळा झाले. क्लिफर्ड बाकावर चढला आणि म्हणाला, की या गल्लीने माझं छान स्वागत केलं.

"व्याही म्हणतात," विल्फ्रीड जर्मनमध्ये म्हणाला, "इंग्लंडात पाहुण्याला आधी चहा देतात, मग खराटा."

गल्ली खो खो हसली. क्लिफर्ड दचकला, पण पुढे म्हणाला, की बटाट्याची कोशिंबीर उत्तम होती, मी दोनदा घेतली.

"एकदा भूक होती म्हणून. एकदा लोह्मानबाई बघत होत्या म्हणून."

लोह्मानबाईंनी रुमाल काढला. माझा मुलगा प्रामाणिक आहे आणि वेळेवर येतो, असं क्लिफर्डने सांगितलं.

"पोरगा वेळेवर येतो म्हणतात. त्यामुळे देशाबाहेरच लग्न करून द्यावं लागतंय."

आता लोक एकमेकांना धरून हसत होते. इम्केला दोन्ही भाषा येत होत्या. ती जाइल्सच्या खांद्याला टेकून आधी सासऱ्यांकडे बघत होती, मग बापाकडे, आणि मग फक्त बापाकडे.

क्लिफर्डने बाकावरून मुलाकडे पाहिलं. "जाइल्स लहानपणी फार गप्प असायचा," तो म्हणाला. "माझ्यासारखाच. इम्के भेटल्यापासून फोनवर तो हसतो. मागे तीही हसत असते. कशाला हसतात ते मला कळत नाही, पण मी फोन ठेवत नाही."

सगळ्यांनी हसायच्या तयारीने विल्फ्रीडकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने ते जसंच्या तसं, एकही शब्द न वाढवता सांगितलं. मागे कुणी तरी सवयीने हसलं आणि थांबलं. जाइल्सने पुढे होऊन बापाला बाकावरून हात देऊन उतरवलं आणि तो हात नंतर सोडलाच नाही.

थोड्या वेळाने लोह्मानबाई डोळे पुसत विल्फ्रीडजवळ आल्या. शेजारी इम्के बिअरचा ग्लास घेऊन उभी होती.

"छान सांगितलंस," बाई त्याची समजूत घालत म्हणाल्या. "पण खरं सांगू? मूळ इंग्रजीत आणखी मजा असणार. आपल्या लोकांच्या तोंडी ते उतरत नाही. रक्तातच असावं लागतं."

"खरंय," विल्फ्रीड गंभीरपणे म्हणाला. "मी अर्ज केला होता. नाकारला."

लोह्मानबाईंनी सहानुभूतीने मान हलवली. इम्केला बिअरचा ठसका लागला. ती भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली, आणि विल्फ्रीड ग्लास धरून तिच्या शेजारी अगदी निमूट उभा राहिला.