हिल्काची बुरशी

"नाहीच जमत," काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरून आर्मास म्हणाला. बायको गेल्यापासून तो इतका खुशीत कुणाला दिसला नव्हता.

मुळं कुजवणाऱ्या बुरशांच्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. म्हणून आर्मासच्या वनसंशोधन केंद्रात त्यांची सरळ लग्नंच लावून बघत. ओळखीच्या जातीचा एक कोवळा धागा बशीत ठेवायचा, समोर अनोळखी ठेवायचा आणि वाट बघायची. दोघं एकाच जातीची असली तर संसार सुरू होतो, अंगावरची पांढरी लव झडते आणि सगळं चपटं, तपकिरी होऊन बसतं. जात वेगळी असली तर दोघं आपापल्या जागी गुबगुबीत आणि पांढरीच राहतात. आर्मासला तळ्याकाठच्या मेलेल्या स्प्रूसच्या झाडाखाली जी बुरशी सापडली होती, तिने केंद्रातली झाडून सगळी स्थळं नाकारली होती. म्हणजे जात नवी, आणि नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा.

"हिल्काचं नाव देणार," तो सिर्काला म्हणाला. हिल्का म्हणजे त्याची गेलेली बायको. येत्या उन्हाळ्यात तो निवृत्त होणार होता, आणि जन्मभर तिच्यासाठी आपण काहीच केलं नाही, ही खंत त्याला आतून पोखरत होती.

सिर्का त्याची जुनी सहकारी. ती लोकरी हातमोजे घालूनच टाइप करत होती. हेलसिंकीच्या मुख्य कचेरीतून 'हीटर कमी ठेवा' असं फर्मान आलं होतं, आणि मुळातच चिकट असलेल्या आर्मासने आपल्या खोलीतल्या हीटरचं बटण पार शून्यावर फिरवून ठेवलं होतं.

"बायकोचं नाव रोगाला?" सिर्का म्हणाली. "लोक फुलाला देतात रे."

"फूल मला सापडलं नाही."

मग त्याने टेबलावर पसारा मांडून शोधनिबंध लिहायला घेतला. बशा कुठे ठेवू, असं सिर्काने विचारलं तेव्हा त्याने मान वर न करता सांगितलं, "ठेव कुठेही. त्यांचं काम झालं." सिर्काने त्या कॉफीच्या यंत्रावरच्या फळीवर नेऊन ठेवल्या. ते यंत्र त्या इमारतीत कधीच बंद होत नसे.

आर्मासला गप्प राहता आलं असतं, पण शनिवारी सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, त्याच्या शेजारी गावच्या वर्तमानपत्राचा संपादक बसला होता. बातमी छापून आली. ती वाचून हेलसिंकीच्या कचेरीतल्या बुरशीतज्ज्ञ नूरमेलाबाईंनी स्वतः येऊन खात्री करायचं ठरवलं. बाई येणार म्हणून सिर्काने सँडविच केक, म्हणजे पावाच्या थरांचा खारा केक, सांगितला, वर कोळंबीने हिल्काचं नाव लिहून. आणि नाव बहिणीचं म्हणून केर्तूला बोलावणं भाग पडलं.

केर्तू ही हिल्काची थोरली बहीण. ती हातात वर्तमानपत्र घेऊन आर्मासच्या घरी आली आणि नेहमीप्रमाणे कोट न काढता दारातच उभी राहिली.

"आता गावभर माझ्या बहिणीच्या नावाने झाडं मरणार म्हणे."

"केर्तू, तो सन्मान असतो."

"जन्मभर काकडवलंस तिला. आता मुळं कुजवायला लाव."

"मी तिला सांगायचो, आणखी एक स्वेटर घाल म्हणून," आर्मास म्हणाला. केर्तूने दार ओढून घेतलं आणि ती निघून गेली.

केंद्रातल्या नामकरण समारंभाच्या दिवशी बाहेर ओला बर्फ पडत होता आणि दुपारीच अंधारलं होतं. सगळे केकभोवती उभे राहिले. नूरमेलाबाई म्हणाल्या, "आधी बशा बघू या." सिर्काने त्या आणल्या. बाईंनी एकेक बशी दिव्यासमोर धरली आणि एक हातातच ठेवली.

"आर्मास, हे काय?"

बशीतलं सगळं चपटं होतं, तपकिरी होतं. समोरचं स्थळ म्हणजे देशातली सगळ्यात सामान्य जात, लोक उकळून सूपमध्ये घालतात ती.

"या होत्या कुठे?"

"कॉफीच्या यंत्रावर," सिर्का हळूच म्हणाली. "त्याआधी याच्या खोलीत."

बाई आर्मासच्या खोलीत डोकावल्या. त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. "या गारठ्यात कुणाचंच जमायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी अजून हातमोजे काढले नव्हते.

"म्हणजे साधीच का हो ती?" केर्तूने विचारलं.

"अगदीच साधी."

केर्तूने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सुरी उचलली. "हिल्काही साधीच होती," असं म्हणून तिने केक कापला. आर्मासच्या वाट्याला नावाचं शेवटचं अक्षर आलं.

घरी येऊन तो कोट घालूनच स्वयंपाकघरात बसला. हिल्का संध्याकाळभर चुलीला चिकटून बसायची, आणि हा पलीकडच्या खोलीत. तिचा स्वभावच अलिप्त, आपलं दोघांचं फारसं जमलं नाही, असं तो लोकांना सांगत आला होता. त्याला फार वाईट वाटलं. तो उठला आणि घरातला एकेक हीटर चालू करत सुटला.

उरलेला केक द्यायला केर्तू आली, तेव्हा खिडक्यांच्या काचांवर बाष्प धरलं होतं. ती दारात थबकली आणि तिने इकडे तिकडे पाहिलं.

"काय रे, एवढी ऊब? घर विकायला काढलंस की काय?"

"नाही. बस."

केर्तूने कोटाची बटणं काढली, कोट हिल्काच्या खुंटीला अडकवला आणि खुर्ची ओढली.

"कॉफी ठेव," ती म्हणाली.