काताचा रिकामा खण

वामनभाऊंकडे गेलं की चहाआधी राजे यायचे. युरोपातली जुनी चांदीची नाणी त्यांनी पानाच्या डब्यात ठेवली होती. चुन्याच्या खणात स्पेनचा राजा, सुपारीच्या खणात ऑस्ट्रियाची गुबगुबीत राणी. "नाक पाहा, नाक! असं नाक अख्ख्या अमरावतीत नाही," म्हणत ते पाहुण्याच्या हाती भिंग द्यायचे. पान मात्र कधीच मिळालं नाही.

मी त्यांचा शेजारी. भाऊ म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करणारा सडाफटिंग माणूस; सराफाच्या मुशीत वितळायला निघालेली नाणी सोडवून आणायचा. डब्यात काताचा खण तेवढा रिकामा होता. तो हॉलंडच्या घोडेस्वार-छापाच्या नाण्यासाठी राखलेला.

आणि घोडेस्वार होता इतवारच्या बाजारात, मोळ्या विकणाऱ्या सखूबाईंच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. आईनं जाताना दिलेला. त्या त्याला खंडोबा समजून रोज हळद लावायच्या.

"हॉलंडचा शिपाई हाय तो, बाई! खंडोबा असे बूट घालते काय?"

"थंडी असन त्याले. देव इकत नसतात, भाऊ. मोळी नेता काय?"

भाऊ मोळी न्यायचे. जेवण खानावळीत, पण ओसरीवर सरपण आढ्याला टेकलेलं! कैक वर्षं हा वाद चालला आणि दोघांनाही त्याचा कंटाळा म्हणून आला नाही.

मग सखूबाईंच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढच्या इतवारी मी भाऊंसोबत होतो. सखूबाईंनी गळ्यातला दोरा सोडला.

"आता आमच्यात देव चालत नाही. देव्हारा काढला, हा एवढा राहिला. न्या तुमी. तुमी जपसान."

बोलत होत्या खऱ्या, पण मूठ काही उघडत नव्हती.

शेवटी घोडेस्वार भाऊंच्या हातात आला. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं आणि दोरा परत पुढे केला.

"हा देव कुठं हाय? इतके वर्सं मी काय सांगून राहिलो तुमाले? शिपाई हाय, शिपाई! त्याले काहून घराबाहेर काढता? मायची चीज हाय, बांधा गळ्यात."

"खरंच शिपाई?"

"बूट पाहा, बूट!"

सखूबाईंनी दोरा बांधला, पदरानं डोळे पुसले. "मंग मोळी नेता काय?"

"द्या."

परतताना भाऊंनी भिंग पुसून खिशात टाकलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसतच होतं. मला त्या वेळी हा माणूस फार आवडला. न राहवून विचारलं, "भाऊ, आता त्या खणात काय ठेवणार?"

"कात," भाऊ म्हणाले.

त्या संध्याकाळी स्पेनच्या राजाला चुन्याच्या खणातून उठवून त्यांनी मला पहिल्यांदा पान लावून दिलं.