पांढऱ्या केसांची मुलाखत

मंगळवारी सकाळी मी कपडे वाळत घालत असताना फोन वाजला. परदेशातल्या एका शाळेने शुक्रवारी चार वाजता माझी ऑनलाइन मुलाखत ठेवली होती. हातातला टॉवेल खाली पडला (पुन्हा धुवावा लागला), कारण मी अर्जच केला नव्हता.

हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"अर्ज कोणी केला?"

"मी. तुमच्या नावाने. ओरडायचं असेल तर मुलाखतीनंतर ओरडा."

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर 'बघू' म्हणाला असतात. आई जाऊन वर्ष झालं, बाबा. शाळेतून आलात की भिंतींना भूगोल शिकवत बसता."

भिंती निदान दंगा करत नाहीत, असं म्हणणार होतो, पण तिचा आवाज ऐकून 'बरं' म्हणालो. एकदा रंगीत तालीम करायची, एवढीच माझी अट. शुक्रवारी बाराला. तिच्या वर्गातली दोघं मुलाखत घेणार होती. "अगदी खऱ्यासारखं करतील हं, घाबरू नका," तिने बजावलं.

शुक्रवारी मी रजा टाकली, इस्त्रीच्या टेबलावर चार ॲटलास रचून त्यांवर लॅपटॉप ठेवला आणि बाराच्या ठोक्याला लिंक दाबली. मुलीने पाठवलेल्या मेलमध्ये दोन लिंक एकाखाली एक होत्या. मी वरची दाबली.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि एक टकले गृहस्थ आले. मी थक्कच झालो. पोरांनी काय मेहनत घेतली होती!

(बोलणं इंग्रजीत झालं. इथे मराठीत देतो. माझं इंग्रजी पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.)

"वा! केसांना काय लावलंस? पावडर?"

बाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला.

"आणि तुझं टक्कल छान आहे रे, फक्त कानांजवळ चिकटवल्यासारखं दिसतंय."

गृहस्थांनी कानाला हात लावून पाहिला.

"आपण सुरुवात करू या का, सर?" बाई म्हणाल्या.

"कर ना. पण बाळ, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवा."

त्यांनी खरोखरच आवाज वाढवला. "इतक्या लांब का यावंसं वाटतं?"

पाठ केलेलं उत्तर तयार होतं. त्यात 'जागतिक' हा शब्द तीनदा येत होता. पण पोरांसमोर कशाला ते नाटक!

"माझ्या मुलीला सांगणार नसाल तर खरं सांगतो. बायको गेली, तरी चहा अजून दोन कप होतो. दुसराही मीच पितो. डॉक्टर म्हणतात, ॲसिडिटी आहे. तिकडे बहुधा एकच कप करायला जमेल."

मग गृहस्थ हळूच म्हणाले, "नमुना पाठ घेता?"

रेखांश आणि वेळ! हा धडा मी बावीस वर्षं शिकवतोय. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून मी रंगात आलो.

"समजा, तुमच्या शाळेत चार वाजलेत. आता पश्चिमेकडे या. प्रत्येक पंधरा अंशांना एक तास कमी. तीन, दोन, एक... म्हणजे माझ्या घरी वाजले..."

बोट जागेवरच थिजलं.

"बारा," बाई म्हणाल्या.

नेमका तेव्हाच फोन वाजला. "बाबा, आम्ही वीस मिनिटं वाट बघतोय! आहात कुठे?"

मी फोन पालथा ठेवला.

"मॅडम, ते केस..."

"माझेच आहेत."

"हे टक्कलही," गृहस्थ म्हणाले.

संध्याकाळी पत्र आलं. ते वाचून मी दुसऱ्यांदा हादरलो. माझी निवड झाली होती! स्वतःची फजिती करून धडा समजावणारा शिक्षक त्यांनी प्रथमच पाहिला होता म्हणे. सोबत फॉर्म होता. सगळा भरला. 'बरोबर येणारी माणसं' या रकान्याशी हात थांबला.

मुलीचा रोज फोन येतो.

"बाबा, तिथे शून्य लिहायचं."

"हो, बघतो."

"इतकी वर्षं मुलांच्या पेपरांवर मुठीने शून्यं वाटलीत. स्वतःसाठी एक काढवत नाही?"

फॉर्म मी अजून पाठवलेला नाही.